सहाणेवरचा मध

डॉक्टर गुप्त्यांकडे आम्ही दोघी एकाच टांग्यातून गेलो होतो. सासूबाई ब्लडप्रेशर दाखवायला आणि मी झोप मागायला.

शुभा तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. दिवसा तिला पोटदुखी, रात्री जाग, आणि मधल्या वेळात किरकिर. मुलुंडला घर घेतलं तेव्हा इकडची हवा चांगली, शांतता भरपूर, असं ह्यांना ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं होतं. शांतता होती खरी. त्यामुळे शुभाचं रडणं चार बिल्डिंगांपलीकडे ऐकू जायचं. मला बसल्या जागी पेंग यायची. एकदा आमटीत मीठ घालताना डोळा लागला आणि मीठ घातलं की नाही ते कळेना, म्हणून पुन्हा घातलं. सगळे मुकाट्याने ताक पीत जेवले.

डॉक्टरांनी सासूबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा बघितला. मग म्हणाले, "आजी, चिडता फार वाटतं?"

"मी कशाला चिडेन? मला चिडवतात."

"बरोबर. तर न चिडायच्या गोळ्या देतो. सकाळ-संध्याकाळ एकेक."

मी म्हटलं, "डॉक्टर, मलाही त्यातलीच द्या ना एखादी. दुपारची घेईन. दोन तास नुसती पडेन."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाळ अंगावर पितं ना? मग नाही. तुम्ही घेतलंत की थोडं दुधातून तिच्यात उतरणार. तुमच्या आकाराच्या माणसाला जे थोडं, ते तिच्या आकाराला थोडं नसतं."

तर अशा रीतीने गोळी सासूला मिळाली, सुनेला नाही. टांग्यात सासूबाई म्हणाल्या, "तरुणपणी कसली गं झोपेची औषधं मागता? आम्ही पाच पोरं वाढवली." मी काही बोलले नाही. बोलायलाही जागं असावं लागतं.

गोळ्यांची बाटली मी घरी आल्याबरोबर ताब्यात घेतली. लेबलावर फिनोबार्बिटोन लिहिलं होतं. कॉलेजात रसायनशास्त्र होतं मला. ह्या घराण्यातल्या औषधांची मांडणी एका पानभर काढलेली आठवत होती. जपून वापरायची चीज आहे एवढं कळत होतं. बाटली कपाटात वरच्या खणात, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी आणि दिवेलागणीला मी स्वतः एक गोळी काढून आईंच्या तळव्यावर ठेवायची. त्यांना आम्ही दोघंही आईच म्हणतो. चुकून दोन घेतल्या जायला नकोत, शुभाच्या हाती लागायला नको, कामवालीला दिसायला नको. ह्यांनी चेष्टा केली, "रिझर्व्ह बँकेत नोकरी कर तू."

"हसा. घरात लहान मूल आहे."

"अगं, तिला अजून पेढा धरता येत नाही!"

आईंचा स्वभाव आठवड्याभरात निवळला. भांडी आपटणं कमी झालं. कधी उंबऱ्याला अडखळायच्या, एखादा शब्द जिभेवर सैल व्हायचा, पण भाजीवाल्याशी भांडण नाही, माझ्या पोळ्यांवर शेरा नाही. मी मनात डॉक्टरांना धन्यवाद दिले.

आणि मग, त्याच सुमारास, शुभा झोपायला लागली.

आधी दुपारची झोप लांबली. मग सकाळी न्हाणं, गुटी, दूध झालं की जी मिटायची ती ह्यांचं जेवण, आमचं जेवण, आवराआवर, सगळं उरकलं तरी उठायची नाही. घरात आनंदीआनंद. आई म्हणाल्या, माझ्या जायफळाचा गुण. हे म्हणाले, तिची आता सवय बसली. शेजारच्या विमलावहिनी म्हणाल्या, "काय नशीबवान गं तू, आमचा अनंत तीन वर्षं जागला." आणि मी? मी तिच्याशेजारी चटईवर पडायची आणि दगडासारखी झोपायची. कितीतरी महिन्यांनी हातपाय जागेवर आल्यासारखे वाटले. तेव्हा मला विचारायचं नव्हतं की का झोपते. झोपतेय ना, मग झोपू दे.

पण माझी छाती दाटून यायची. त्या दुखण्यानेच जाग यायची मला, पोलकं ओलं झालेलं, आणि शुभा मात्र शांत. एरवी भुकेने टाहो फोडणारी पोर भूकच विसरली होती. उचलून पाजायला घेतली तर दोन घोट ओढायची आणि तोंडातच दूध राहायचं, ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. तळपायाला गुदगुल्या केल्या की परत दोन घोट. मान धरायला लागली होती ती पुन्हा खांद्यावर कलंडायची. समोर खुळखुळा वाजवला तर डोळे खुळखुळ्यापर्यंत पोचायला वेळ लावायचे, आणि पोचले की निसटायचे.

मी ह्यांना सांगितलं. ते पानावर बसले होते.

"रडत होती तेव्हा रडते म्हणून रडत होतीस. आता झोपते म्हणून. तिने नक्की करायचं काय?"

"हसली कधी शेवटची? आठवतंय?"

त्यांनी घास तसाच ठेवला, आठवून पाहिलं. मग म्हणाले, "मी असतो कुठे दिवसभर?"

मध्येच वसुधावन्सं, माझी नणंद, आजारी पडली म्हणून आई चेंबूरला राहायला गेल्या. गोळ्या मी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. घर माझ्यावर पडलं आणि दोन दिवस जातात न जातात तोच शुभा उठली. उठली म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. गुटी मीच उगाळत होते, आईंनी दाखवून दिली होती तशीच, वेखंड एक वळसा, मुरडशेंग एक, जायफळ जरासं. तरी रडणं थांबेना. पुन्हा पेंग, पुन्हा खारट आमटी. पण त्या रडण्याच्या मध्येच एकदा ती माझ्या नथीकडे बघून खुदकन हसली, हे मी पाहिलं आणि कामाच्या रगाड्यात विसरून गेले.

आई परत आल्या आणि शुभा परत झोपली.

"आजीची सवय झालीय गं तिला," आई तिला मांडीवर घेत म्हणाल्या. "तुझ्या हातात ती माया नाही, नुसती घाई." मला ते लागलं. पण मीही ते खरं मानलं, कारण त्या दुपारी मी पुन्हा झोपले.

रुक्मिणीने ते पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. रुक्मिणी म्हणजे शुभाला न्हाऊमाखू घालायला येणारी बाई, मालवणकडची. नवरा गिरणीत होता तोपर्यंत परळला राहायची, आता भांडुपला लेकाकडे. पायांवर पोर घेऊन तेल लावताना तिचं तोंड अखंड चालायचं. त्या सकाळी मात्र ती गप्प झाली. ऊन पाण्याचा तांब्या शुभाच्या डोक्यावर ओतला, दुसरा ओतला, आणि थांबली.

"बाईनू, ह्यां चेडू रडणां नाय कसां? डोक्यार पाणी पडल्यार रडूक व्हया."

मी वाकून बघितलं. पाणी शुभाच्या तोंडावरून वाहत होतं आणि ती झोपलेली होती. मी तिचा अंगठा दाबला. गाल थोपटला. हाक मारली. एक डोळा किलकिला झाला, मिटला.

आई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग रुक्मिणीकडे, आणि त्यांचा जुना आवाज त्या गोळीच्या खालून वर आला.

"अफू घातलीस? बाळगोळी दिलीस ना तिला? तुमच्या चाळीतल्या बायका देतात कामाला जाताना, मला ठाऊक नाही होय? लवकर न्हाऊ घालून मोकळं व्हायला!"

रुक्मिणीने शुभाला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मग उभी राहिली. "मी तुमच्या चेडवाक अफू दिलंय? इतक्या घरांतली पोरां ह्या पायांवर न्हाली. माझ्या नातवाक कधी दिलंय नाय, तुमच्या नातीक कित्याक देईन?" पदर खोचून ती ओल्या पायांनीच जिना उतरली. तेलाची वाटी तशीच पडली होती.

मला तिला थांबवायला हवं होतं. पण शुभा हातात होती आणि टांगा मिळायला हवा होता.

डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं. श्वास ऐकला, तळपायाला टिचकी मारली, पापणी वर करून बॅटरी टाकली. मी डोळ्यांत प्राण आणून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या नाहीत. अफू दिसत नाही मला. पण कशाच्या तरी अमलाखाली आहे ती. श्वास ठीक आहे. इथेच बसा तुम्ही, अंमल उतरेपर्यंत घरी जायचं नाही. आजींच्या गोळ्या कुठे असतात?"

"कपाटात. किल्ली ही माझ्यापाशी. एकेक मीच काढून त्यांच्या हातावर ठेवते. बाटलीतली एकही कमी नाही, मी बघते रोज."

"तुम्ही तर नाही ना घेतलीत? खरं सांगा. रागवणार नाही."

"नाही हो." मला एकदम रडू आलं. "घेतली असती, इतकी दमलेय मी. पण नाही घेतली."

त्यांनी कंपाउंडरकरवी चहा मागवला. पेशंट येत-जात होते, मी कोपऱ्यातल्या बाकावर शुभाला उभी धरून बसले होते, मान माझ्या खांद्यावर, श्वास माझ्या कानाशी. मधूनमधून डॉक्टर येऊन बघून जायचे. मी विचारलं, ह्या गोळ्या करतात तरी काय नक्की.

"लोकांना वाटतं झोप देतात," ते म्हणाले. "झोप कुणाला देता येत नाही. मेंदूचा आवाज कमी करतात फक्त, रेडिओचं बटण फिरवावं तसा. थोडं फिरवलं की चिडचिड ऐकू येत नाही. आणखी फिरवलं की माणूस झोपला असं आपण म्हणतो. त्याहून पुढे फिरवलं तर श्वास घ्यायची सूचनाही ऐकू येत नाही. आणि ही गोळी शरीरातून लवकर जात नाही. माठाला बारीक भोक आहे आणि तुम्ही रोज त्यात ओतत राहिलात, तर एक दिवस काठोकाठ होणारच. मोठ्या माणसाचा माठ मोठा, त्याचा हिशेब करून आम्ही देतो. बाळाचा एवढासा." त्यांनी चहाचा कप दाखवला.

बारा वाजून गेल्यावर शुभाने डोळे उघडले, बाकावरच्या एका म्हाताऱ्याच्या पागोट्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. म्हातारा ओशाळला. मी त्याला म्हटलं, "आजोबा, तुमचे उपकार झाले." त्याला काही कळलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "अंगावरच्या दुधाखेरीज तोंडात काही जाता कामा नये. आणि डोळे उघडे ठेवा. तुमच्याच घरात आहे ते."

घरी येऊन मी आईंना तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "रुक्मिणी गेली ते बरंच झालं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईंच्या तळव्यावर गोळी ठेवली, नेहमीसारखी. पण नेहमीसारखी वळून पोळ्यांकडे गेले नाही. शुभाला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले. अविश्वास नव्हता तो. मी सगळ्याच गोष्टींकडे बघायचं ठरवलं होतं, पाण्याच्या पिंपाकडेसुद्धा.

आईंनी गोळी तोंडात टाकली नाही. फळीवरून सहाण काढली, गोळी तिच्या खळग्यात ठेवली, चमच्याच्या पाठीने चुरली. बरणीतून मधाची धार सोडली, बोटाने कालवलं, आणि ते चमच्याने उचलून आपल्या तळव्यावर घेतलं आणि चाटलं. तोंड वाकडं केलं. हात धुतला. मग वेखंडाचं कांडं घेतलं, थेंबभर पाणी टाकलं आणि त्याच सहाणेवर, त्याच खळग्यात, चिकट मधाच्या थरावर पहिला वळसा घातला.

"आई, हे काय करताय?"

"गुटी. डॉक्टरांनी औषध नको म्हटलं, गुटी म्हणजे काय औषध आहे?"

"आणि ती गोळी?"

"घेतली की आत्ता. अख्खी घशात अडकते माझ्या, पहिल्या दिवसापासून चुरूनच घेते. कडू जहर आहे, मध लागतो."

"सहाण धुतली नाहीत."

"का धुवायची? उष्टी कुठे झालीय? मी तोंड लावत नाही सहाणेला, तळहातावर घेते. बघितलंस ना आत्ता? मध महाग झालाय, राहिलेला बाळाच्या पोटात जातो. मधाने काय वाईट व्हायचंय?"

मी उठले, एका हाताने त्यांच्या पुढ्यातली सहाण ओढून घेतली. खळग्यात बोट फिरवलं. सहाण खरबरीत, दगडाला बारीक बारीक छिद्रं, आणि त्या छिद्रांत मध. बोटाला खरखरीत पांढरी पूड लागली. मी ती जिभेला लावली. गोडाच्या मागून कडवट चव आली. माझ्या पुस्तकातल्या त्या पानावर सगळं होतं, फक्त सहाण नव्हती.

मी बोट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनीही चाखलं.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. गोळीनेच समज मंद केली होती त्यांची. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या.

"चेंबूरला गेले होते तेव्हा," त्या म्हणाल्या.

"हो. तेव्हा जागी होती ती."

"आणि मी म्हटलं, तुझ्या हातात माया नाही."

मी शुभाला खाली ठेवलं आणि सहाण घासायला घेतली. राखेने, मग चिंचेने, मग उकळत्या पाण्याने. उगाच. ती गुटीसाठी पुन्हा वापरणार नव्हतेच मी.

संध्याकाळी मी किल्ली घेऊन कपाटाशी गेले तर आई म्हणाल्या, "मला नको ती गोळी. विष आहे ते. बाटली गटारात ओत." शुभा पोटावर सरकत त्यांच्या पायाशी आली तर त्यांनी पाय आखडून घेतले. "घे गं तिला. माझ्याजवळ नको."

पुन्हा टांगा, पुन्हा डॉक्टर. ह्या वेळी हेही बरोबर आले, ऑफिसला दांडी मारून. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. "गोळी कशी घेता हे विचारायलाच हवं होतं मी," ते म्हणाले. मग बजावलं, "आजी, एकदम बंद करायची नाही. इतके दिवस दाबून ठेवलेला मेंदू उसळी मारतो, झटके येऊ शकतात. उतरत्या जिन्यासारखं जायचं, अर्धी, पाव, मग बंद. चुरून हवी तर चमच्यात चुरा, तो चमचा वेगळा. आणि बाळ आता काही दिवस भयंकर किरकिर करेल. तिचाही जिना उतरायचाच आहे. सहन करा."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही ऑफिसला जाताच की," डॉक्टर म्हणाले.

रुक्मिणीला आणायला मी भांडुपला गेले. ती दारात तांदूळ पाखडत बसली होती. मी झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. ती सूप हलवत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हातारेक सांगा, माझी तेलाची वाटी धुवून ठेव." दुसऱ्या दिवशी आली. आई न्हाणीघराच्या दारातच उभ्या होत्या.

"तेल ऊन करून ठेवलंय मघापासून," त्या म्हणाल्या. "उशीर केलास."

"आज उशीर झालो. उद्या लवकर येतंय," रुक्मिणी म्हणाली आणि पाय पसरून बसली. पहिला तांब्या पडताच शुभाने अशी किंकाळी फोडली की विमलावहिनी जिन्यात आल्या. "आता कशी माणसांत इली!" रुक्मिणी हसली.

ते सगळे दिवस मला नीट आठवत नाहीत. शुभा जागी, आई जाग्या, मी जागी. सहाण देवघरात गेली, चंदनासाठी. आईंचा चमचा मी फळीवर वेगळा टांगला. अर्धी गोळी मीच चुरून त्यांच्या हातात द्यायची आणि रिकामा चमचा लगेच काढून घ्यायची. त्यांचे हात थरथरायचे, बारीकसारीक आवाजाला दचकायच्या, भाजीवाल्याशी पुन्हा भांडायला लागल्या होत्या. शुभाला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. लांबून बघायच्या.

एका दुपारी मी तिला खांद्यावर टाकून येरझारा घालत होते. घालता घालता भिंतीला धडकले. झोपेतच चालत होते बहुतेक. आईंनी माझं मनगट धरलं.

"दे तिला. पड तू."

मी शुभाला धरून तशीच उभी राहिले. मला नाही म्हणायचं नव्हतं. हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

त्यांना ते दिसलं. त्या भिंतीशी पाय लांब करून बसल्या. मी शुभाला त्यांच्या पायांवर ठेवलं आणि चटईवर आडवी झाले, त्यांच्याकडे तोंड करून. शुभा किंचाळत होती, मुठी आपटत होती, तोंड लालबुंद. आई गुडघे हलवत होत्या. मी एक डोळा उघडा ठेवला होता.

"दोन्ही मीट," आई म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तळवे माझ्याकडे वळवले. रिकामे, थरथरते. "हे बघ. काही नाही हातात."

शुभा आजीच्या तळव्यांकडे बघत क्षणभर थांबली आणि मग आणखी जोराने रडायला लागली. त्या रडण्यात मी डोळे मिटले.